एकाच भाकितामागे कोणत्या फीचरचा किती वाटा, हे आलेखातून कसे दाखवावे?

आपली अडचण अशी दिसते की फीचर इम्पॉर्टन्सचा, म्हणजे मॉडेलला दिलेली कोणती माहिती (फीचर) एकूण किती महत्त्वाची हे दाखवणारा, स्तंभालेख हाताशी असूनही "याच नोंदीचे भाकीत इतके का आले?" या वरिष्ठांच्या प्रश्नाला त्यातून उत्तर देता येत नाही. ते मिळणारही नाही, कारण तो सगळ्या नोंदींचा एकत्रित हिशेब असतो आणि एखादे फीचर भाकीत वर नेते की खाली, हेही तो सांगत नाही.

मी नागपुरात कळमना बाजारातील संत्र्याच्या भावाचे मॉडेल करतो आणि त्यासाठी शॅपचा (SHAP, भाकिताचे फीचरनिहाय वाटे पाडणारी पद्धत) वॉटरफॉल आलेख वापरतो; त्यात सरासरीपासून भाकितापर्यंत एकेक पट्टी जोडत जातात. गणिती अर्थशास्त्रज्ञ लॉइड शॅपली यांनी १९५३ साली खेळातील मिळकत खेळाडूंत वाटण्यासाठी मांडलेली कल्पना लुंडबर्ग आणि ली या संशोधकांनी २०१७ साली भाकितांना लावली, तीच ही शॅप. तिचा मोठा गुण हा की सरासरी भाकितात सर्व वाटे मिळवले की बेरीज त्या नोंदीच्या भाकिताशी जुळते. समजा, मॉडेलचे सरासरी भाकीत क्विंटलमागे २,६०० रुपये आहे. फळाची प्रत त्यात ५०० रुपयांची भर घालते, मोठी आवक ३५० कमी करते, महिना १५० वाढवतो आणि आपण २,९०० वर पोचतो. वाढीची पट्टी लाल, घटीची निळी. वहीतला जमाखर्च वाचणाऱ्या माणसाला हे वेगळे शिकवावे लागत नाही.

आपले मॉडेल हो-नाही सांगणारे असेल, तर एक गोष्ट आधी तपासा. एक्सजीबूस्टसारख्या (अनेक निर्णयवृक्ष जोडून बनणाऱ्या) मॉडेलमध्ये हे वाटे सहसा लॉग-ऑड्समध्ये, म्हणजे 'हो' आणि 'नाही' यांच्या शक्यतांच्या गुणोत्तराच्या लॉगरिदममध्ये येतात, टक्क्यांत नाही. तिथे ० वरून १ वर जाणे म्हणजे शक्यता ५० टक्क्यांवरून सुमारे ७३ वर जाणे, पण ३ वरून ४ वर जाणे म्हणजे ९५ वरून केवळ ९८ वर. आलेखावर दोन्ही पट्ट्यांची लांबी सारखीच असते, आणि पाहणाऱ्याची फसगत होते.

परस्परांशी निगडित फीचर्सचा प्रश्न मला याहून अवघड वाटतो. अंबिया बहाराची संत्री येऊ लागली की आवक वाढते, म्हणजे महिना आणि आवक बरेचसे एकच सांगतात, आणि श्रेय त्या दोघांत कसे विभागले जाईल हे गणनेच्या पद्धतीवर अवलंबून राहते. अशा वेळी मी दोन्ही वाटे मिळवून 'हंगाम' नावाची एकच पट्टी दाखवतो. एकूण बेरीज त्यामुळे बिघडत नाही. शिवाय आलेखाखाली "हे मॉडेलने धरलेले वाटे आहेत, बाजारातील कारणे नव्हेत" अशी ओळ लिहितो, कारण आवक रोखली की भाव ३५० रुपयांनी चढेल, असा अर्थ त्यातून निघत नाही.