पत्नीच्या आजारपणामुळेच पोच्या कथांत मरणाऱ्या स्त्रिया येतात का?

एम.ए.च्या प्रकल्पात 'पत्नी व्हर्जिनियाला क्षय झाला म्हणून अमेरिकन लेखक एडगर ॲलन पोच्या कथांत मरणाऱ्या स्त्रिया पुन्हापुन्हा येतात' असं लिहिलं तर चालेल का, असं तुम्ही जळगावहून विचारलंय.

असं लिहू नका, तारखाच आडव्या येतात. व्हर्जिनियाला गाताना पहिल्यांदा रक्त पडलं ते जानेवारी १८४२ मध्ये. 'बेरेनिस' आणि 'मोरेला' १८३५ च्या, 'लिजिया' १८३८ ची, 'अशर' ('द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर') १८३९ ची. चारही कथा आजाराच्या आधी छापून झालेल्या. मूळ शोधायचंच असेल तर मागे जा: आई गेली डिसेंबर १८११ मध्ये, तेव्हा पोला तिसरं वर्षही पुरं झालं नव्हतं, सांभाळणारी फ्रान्सिस ॲलन १८२९ मध्ये गेली.

तरी १८४२ ने काही बदललं का, हा प्रश्न उरतोच, आणि तुमचा प्रकल्प खरा तिथेच आहे. आधीच्या चारही कथांत मेलेली म्हणून धरलेली बाई या ना त्या रूपात परतते: कुणी मुलीच्या रूपात, कुणी दुसरीच्या देहात, कुणी तळघरातून. मे १८४२ च्या 'मास्क ऑफ द रेड डेथ'मध्ये रक्त हीच रोगाची खूण आहे आणि दारांच्या कड्या वितळवून जोडल्या तरी तो रोग आत शिरतो. १८४५ च्या 'रेव्हन' या कवितेत तर मेलेली प्रेयसी परत भेटण्याची आशाच कापली जाते. ध्यानात घ्या, व्हर्जिनिया तेव्हा जिवंत होती. ती गेली जानेवारी १८४७ मध्ये. म्हणजे झालेल्या मृत्यूपेक्षा होऊ घातलेल्या मृत्यूची धास्ती इथे जास्त आहे. विषय जुनाच, त्याचा शेवट बदललेला. हे माझं वाचन झालं, पण तारखा त्याच्या विरोधात जात नाहीत.

कामाला लागताना वहीत चार रकाने आखा: साल, आयुष्यातली घटना, कृती, आणि ती कल्पना आधी कुणी वापरली होती का. चौथा रकाना लोक गाळतात, आणि तिथेच फसतात. पडका वाडा, शाप, कोंडलेली नायिका हा गॉथिक, म्हणजे भय-गूढ कथांचा, सगळा ऐवज होरेस वॉलपोलच्या १७६४ च्या 'द कॅसल ऑफ ऑट्रँटो' या कादंबरीपासून चालत आलाय. ॲन रॅडक्लिफच्या 'युडॉल्फो'त (१७९४) कोंडलेली नायिका आहे, पण खुद्द रॅडक्लिफबाईंचं आयुष्य इतकं शांत की कवयित्री क्रिस्टीना रोझेटीने त्यांचं चरित्र लिहायला घेतलं आणि सामग्रीअभावी सोडून दिलं.

मेरी शेलीच्या बाबतीतही घोटाळा ठरलेला. 'फ्रँकेन्स्टाइन'मधल्या लहानग्या विल्यमचा खून वाचून तिच्या स्वतःच्या मुलाची, विल्यमची आठवण काढतात, पण कादंबरी जानेवारी १८१८ ची आणि मुलगा गेला जून १८१९ मध्ये. खरा पुरावा मार्च १८१५ च्या रोजनिशीत आहे: दगावलेलं तान्हं बाळ शेकोटीजवळ चोळल्यावर जिवंत झालं, असं स्वप्न. दुसरा पुरावा कादंबरीच्या १८३१ च्या आवृत्तीत. मधल्या काळात दोन मुलं आणि नवरा गेलेला, आणि मजकुरात नशिबाची भाषा वाढलेली. दोन आवृत्त्यांतला हा फरक नुसत्या चरित्रापेक्षा दहापट उपयोगाचा.

सराव घरच्या कवीवर करून बघा. धरणगावच्या बालकवींच्या 'पारवा'तली खचलेली भिंत आणि उद्ध्वस्त धर्मशाळा गॉथिक वाचकाला लगेच ओळखीची वाटेल. पण १९१८ मध्ये भादलीला रेल्वेखाली आलेला मृत्यू त्या कवितेत वाचू नका. कविता आधीची आहे.

पोच्या चरित्राबाबत एक सावधगिरी. दारुडा, वेडसर पो ही प्रतिमा बरीचशी संपादक रूफस ग्रिसवोल्डने १८४९ च्या मृत्युलेखापासून उभी केली, आणि पुढे पोची पत्रंही त्याने बदलून छापली. ती लबाडी आर्थर क्विनने १९४१ च्या चरित्रात उघड केली. त्यामुळे त्याआधीच्या पुस्तकातून पोचं पत्र उचललंत, तर क्विनशी ताडून मगच प्रकल्पात घ्या.