तीन परीक्षा, सहा रंगांचं वेळापत्रक आणि कंसातला ‘तो’

ताई,
मी २७ वर्षांची, बार्शीजवळच्या गावची, बी.एस्सी. ॲग्री. चार वर्षांपासून पुण्यात नवी पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करतेय. गट ब संयुक्तची पूर्व दोनदा निघाली, मुख्यला गेल्या वेळी साडेचार गुणांनी राहिले. राज्यसेवा आता वर्णनात्मक झाली, म्हणून तीही करते आणि ‘तोच अभ्यास’ म्हणून यूपीएससीही देते. सोलापूरच्या एका बियाणं कंपनीत नोकरी मिळतेय, दिवाळीनंतर रुजू व्हा म्हणतात. घरी स्थळं येताहेत (तोही वाट बघतोय). ध्येयच स्पष्ट होत नाहीये, फोकस राहत नाही. वेळापत्रक जोडलंय. काय करू?
— गोंधळलेली (पत्र संक्षिप्त केलं आहे)

बाळा,

तुझं वेळापत्रक दोनदा वाचलं. सहा रंगांचे स्केचपेन, पट्टीनं आखलेल्या रेघा, देखणं आहे. पहाटे चालू घडामोडी, मग राज्यव्यवस्था, दुपारी कृषी हा वैकल्पिक विषय, संध्याकाळी मराठी व्याकरण, रात्री गणित-बुद्धिमत्ता, झोपण्याआधी यूपीएससीचं वाचन. प्रश्नपत्रिका सोडवायला मात्र रविवारी संध्याकाळचे दोन तास, आणि त्यांच्यावरही पेन्सिलीनं काट मारलेली. माझं लक्ष त्या काटेवरच अडकलं.

फोकस राहत नाही ही तुझी तक्रार मला फारशी पटत नाही. चार वर्षं अभ्यासिकेच्या खुर्चीत बसलेल्या मुलीला एकाग्रता शिकवायला नको. तू दोन नव्हे, तीन डगरींवर हात ठेवून उभी आहेस. त्यातली एकही सुटू नये म्हणून धडपडतेस आणि त्या धडपडीला अभ्यास म्हणतेस.

‘तोच अभ्यास’ हे पेठांमधलं सगळ्यात महागात पडणारं वाक्य असावं. पुस्तकं बरीचशी तीच, हे खरं. पण संयुक्त पूर्वला तासाभरात १०० प्रश्न असतात. एका प्रश्नाला ३६ सेकंद, त्यात गणितंही आली आणि चुकलं की पाव गुण गेला. मुख्यचे दोन्ही पेपरही पर्यायांचेच, २०० - २०० गुणांचे. तिथे कामाला येतो तो वेग, आणि कुठला प्रश्न सोडून द्यायचा याची नजर. राज्यसेवेची मुख्य म्हणजे नऊ पेपर. दोन भाषांचे नुसते पात्रतेचे, उरलेल्या सातांचे मिळून १७५० गुण, वर मुलाखत २७५ची. तिथे तीन तास हातानं, मुद्देसूद लिहिता यायला लागतं. तू पत्रात सांगतेस की वर्णनात्मक उत्तर लिहून अजून कुणाकडून एकदाही तपासून घेतलेलं नाहीस. मग राज्यसेवा ‘तीही करते’ म्हणजे नेमकं काय करतेस? वाचतेस. आणि यूपीएससीच्या पूर्वचा एक पेपर जरी दिलास तरी ती संधी मोजली जाते. खुल्या प्रवर्गाला अशा सहाच संधी, तुझा प्रवर्ग तू लिहिलेला नाहीस. सरावाचं मैदान म्हणून वापरायला ती परीक्षा फार महाग आहे.

त्यामुळे माझं मत सरळ आहे: संयुक्त गट ब. स्वप्न छोटं कर असं मी म्हणत नाहीये, तुझे गुणच तिकडे बोट दाखवताहेत. साडेचार गुण म्हणजे दोन-तीन प्रश्न. गेल्या मुख्यची उत्तरतालिका काढ आणि चुकलेले प्रश्न तीन ढिगांत टाक: येत नव्हते ते, येत असून घाईत गेलेले, आणि उगाच ठोकलेले. माझा अंदाज, दुसरा आणि तिसरा ढीग मोठा निघेल. तसं निघालं तर नवं पुस्तक घ्यायचं नाही. एकही नाही. वेळापत्रकातल्या त्या काट मारलेल्या दोन तासांना रोजची सकाळ द्यायची आणि घड्याळ लावून पेपर सोडवायचे. पहिला ढीग मोठा निघाला तर मला पुन्हा लिही, मग वेगळं बोलू. टेलिग्रामवरचे ग्रुपही कमी कर. परीक्षा पुढे ढकलली की नाही एवढं कळायला आयोगाचं संकेतस्थळ पुरतं.

संयुक्तमधून मिळणाऱ्या पदांपैकी एसटीआय (राज्य कर निरीक्षक) की एएसओ (सहायक कक्ष अधिकारी), हेही आत्ताच ठरव. पसंतीक्रम भरायच्या रात्री मैत्रिणींना विचारून ठरवू नकोस. एएसओ म्हणजे मुंबई, मंत्रालय आणि बहुधा लोकलचा प्रवास. ते तुला आवडेल का, हे तुलाच ठाऊक.

आता वयाबद्दल. खुल्या प्रवर्गाला ३८, मागास प्रवर्गांना ४३ ही राज्याची मर्यादा मोठी सोय आहे आणि तितकाच मोठा सापळाही. दार इतकी वर्षं उघडं असलं की आज उठून कुठे जावंसं वाटत नाही. त्याच मर्यादेचा उलटा उपयोग कर. नोकरी धरलीस तरी फॉर्म भरायचा हक्क जात नाही. म्हणून ही येणारी संयुक्त पूर्ण वेळ दे. नाही निघाली तर पुणं सोड, पगार घे आणि पुढची परीक्षा नोकरी करत दे. बियाणं कंपनीत काम करणं म्हणजे हरणं, असं तुझ्या पत्रात ओळीओळीत जाणवतं. कृषी पदवीधर मुलीनं तरी असं समजू नये.

घरच्यांचं म्हणशील, तर वडील रागावतील असं तू लिहितेस. त्यांनी सोयाबीन विकून मेसचे पैसे पाठवले, ते ‘अजून एक अटेम्प्ट’ हे दरवर्षी ऐकत आलेत. त्यांना ‘बघू’ नको, तारीख सांग. तारीख ऐकली की शेतकरी माणूस हिशोब मांडतो, चिडत नाही. निदान तितका तरी नाही.

राहिला कंसातला ‘तो’. दोन पानांच्या पत्रात त्याला तीन शब्द! कोण आहे, किती वर्षं वाट बघतोय, घरी माहीत आहे का, काहीच नाही. तुझं लक्ष कुठे जातं, हे विचारताना त्याला कंसात टाकून चालणार नाही. निकालाचा आणि लग्नाचा संबंध तू लावून ठेवलायस, कारण पोस्ट निघाली की घरी सांगायला बळ येईल असं तुला वाटतं. कदाचित येईलही. पण तोवर प्रत्येक स्थळाला ‘परीक्षेनंतर’ सांगून तू घरच्यांना खोटी आशा लावतेस आणि त्याला टांगून ठेवतेस. त्याच्याशी लग्न करायचं असेल तर आधी आईला सांग. आईला सांगायला पोस्ट लागत नाही. करायचं नसेल तर ते त्याला सांग, याच महिन्यात.

आणि हे सगळं करण्याआधी, सोमवारी, कंपनीला फोन लाव. रुजू व्हायची तारीख मुख्यनंतरची मिळेल का, एवढंच विचार. नाही म्हणाले तर मेसची जुनी दोन बिलं नि टेस्ट सिरीजची फी मांडून बघ, पुण्यातले पुढचे महिने कुणाच्या पैशांवर निघणार आहेत ते. तो आकडा वडिलांशी बोलताना हाताशी ठेव.

— ताई