बागेतल्या छोट्या तळ्यासाठी कारंजे घ्यावे, धबधबा की साधी धार?

तुमच्या प्रश्नातला तपशील असा: बंगल्याच्या बागेत १० × ६ फुटांचे, २ फूट खोल सिमेंटचे तळे. त्यात आठ-दहा गोल्डफिश आणि वॉटर लिलीच्या दोन कुंड्या. पाणी बोअरचे, एका टोकाला कंपाउंडची भिंत. दुकानदार पाच फूट उडणाऱ्या कारंज्याचा संच घ्या म्हणतोय. घ्यावा का?

नको. भिंतीच्या टोकाला दीड फुटावरून पाणी पाडा आणि लिलीच्या कुंड्या विरुद्ध टोकाला सरकवा.

कारंज्याला माझा विरोध आहे तो मुख्यतः लिलीमुळे. तिचे पान पाण्यावर तरंगते आणि त्याची श्वसनछिद्रे वरच्या बाजूला असतात. वरून सतत तुषार पडत राहिले की पाने पिवळी पडून कुजतात, कळ्याही कमी येतात. सहा फूट रुंदीच्या तळ्यात मधोमध कारंजे लावल्यावर कोरडा कोपरा उरतच नाही. दुसरी गोष्ट वाऱ्याची. नोझलपासून जवळच्या काठापर्यंत जेवढे अंतर, त्याच्या निम्म्याहून झोत उंच नसावा. तुमच्याकडे ते अंतर तीन फूट, म्हणजे झोत फार तर दीड फूट. खोक्यावरच्या चित्रातले पाच फुटी कारंजे चालवलेत तर तळ्यातले पाणी फरशीवर जाईल. तिसरे, बोअरचे पाणी जड असेल तर नोझलची एक-दोन मिलिमीटरची छिद्रे क्षाराने आधी वाकडी धार सोडतात, मग बंद पडतात.

आता पाणी पाडायचे कसे. दोन पद्धती आहेत. एक, सरळ कडेवरून अखंड पडदा. दुसरी चादर: तिरका बसवलेला दगड, त्यावर खवल्यांसारखी किंवा नागमोडी खाचकाम केलेले. काश्मीरच्या मुघल बागांत, शालिमार-निशातमध्ये, या चादरी आहेत. खाचांवरून घसरताना पाणी फुटते, पांढरे दिसते, खळखळते. त्यामुळे थोडे पाणी पुष्कळ वाटते. फूटभर रुंद चादरीला ताशी दोन-अडीच हजार लिटर पुरतात, तर तेवढ्याच रुंदीचा न तुटणारा पडदा हवा असेल तर ताशी चार हजारांच्या आसपास लागतात. पंप लहान ठेवायचा असेल तर मी चादरच निवडेन. पडदा दिसायला देखणा, पण कड जराशी तिरकी झाली की पाणी एका बाजूला पळते आणि उरलेला भाग कोरडा.

पडदाच हवा असेल तर कडेला कडप्पा किंवा ग्रॅनाइटची पट्टी भिंतीच्या पुढे दोन-अडीच इंच काढा आणि पाणसळ लावूनच बसवा. गवंड्याच्या नजरेवर सोडू नका. पट्टीच्या खालच्या अंगाला, कडेपासून अर्ध्या इंचावर, ग्राइंडरने आडवी खाच मारून घ्या. ही खाच नसेल तर पाणी दगडाला चिकटून मागे वळते आणि भिंतीवरून ओघळते. ‘धबधबा बांधला पण पाणी भिंतीवरूनच उतरतंय’ ही तक्रार जवळजवळ नेहमी याच खाचेची असते. पट्टीच्या मागे निदान सहा-आठ इंच खोलीचा छोटा हौद ठेवा आणि पाइप त्याच्या तळाशी सोडा. पाइप थेट कडेशी आणलात तर पडदा न होता खळबळते पाणी उसळून पडते.

उंचीबद्दल: दीड फुटाचा आवाज बसायच्या खोलीतून ऐकायला बरा वाटतो. तीन फुटांचा दिवसा छान, रात्री बेडरूमच्या खिडकीतून डोके उठवतो. आवाज आणखी मऊ हवा असेल तर पाणी जिथे पडते तिथे पृष्ठभागाच्या जरा खाली एक खडबडीत दगड ठेवा.

पंप घेताना सगळ्यात मोठी फसगत खोक्यावरच्या आकड्याने होते. ‘६००० लिटर ताशी’ हा आकडा उंची शून्य असतानाचा. त्याच खोक्यावर ‘एच मॅक्स ३.५ मीटर’ असे लिहिलेले असते. तेवढ्या उंचीला प्रवाह शून्य होतो. मधल्या उंचीला ढोबळमानाने त्याच प्रमाणात घट धरा. तुमचा हिशेब: पाण्याच्या पातळीपासून कडेपर्यंत ४५ सेंटिमीटर, शिवाय पाइपातले घर्षण. ताशी ४००० लिटर पाणी २५ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या चार मीटर पाइपातून न्यायचे तर घर्षणातच सुमारे ८५ सेंटिमीटर उंचीइतका दाब खर्च होतो. ३२ मिलिमीटरच्या पाइपात तो सुमारे २५ सेंटिमीटरवर येतो. म्हणून पाइप ३२ चाच घ्या, एल्बोऐवजी (काटकोनी जोडाऐवजी) लांब वळणे द्या. एल्बो आणि जाळीचे धरून एकूण एक मीटर समजा. एक मीटरला ६००० लिटरचा पंप ४२०० ते ४३०० लिटर देईल, म्हणजे पडद्याला पुरेसा. चादरीला ३५०० लिटरचा, साधारण तेवढ्याच एच मॅक्सचा पंप चालेल. पंप मोठा घेऊन व्हॉल्व्हने प्रवाह कमी करता येतो, लहान पंपाला वाढवता येत नाही.

तुमच्या तळ्यात १० × ६ × २ म्हणजे १२० घनफूट, सुमारे ३४०० लिटर पाणी. दर एक-दोन तासांनी सगळे पाणी एकदा फिरावे अशी अपेक्षा असते, ती दोन्ही पंप पुरी करतात. वीज वॅटवरून काढा: ८० वॅटचा पंप दिवसाचे १० तास चालला तर महिन्याला २४ युनिट, चोवीस तास चालला तर ५८ च्या आसपास.

तो कधी चालवावा? पाहुणे येतात तेव्हा संध्याकाळी, असे बहुतेकांचे उत्तर असते आणि माशांच्या दृष्टीने ते उलटे आहे. ऊन पडल्यावर झाडे आणि शेवाळ प्राणवायू सोडतात, रात्री तीच तो वापरतात. २० अंशाला पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशाला साडेसात. म्हणून एप्रिल-मेमध्ये पहाटे मासे वर येऊन तोंडे उघडझाप करताना दिसतात. उन्हाळ्यात पंप रात्री चालूच ठेवा. तुमच्याकडे वीज जात असेल तर इन्व्हर्टरवर पाच-दहा वॅटचा एअर पंप आणि एक एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) लावून ठेवा. माशांचा जीव वाचवायला तेवढे पुरे.

पंप धबधब्यापासून सगळ्यात लांबच्या टोकाला ठेवा, म्हणजे पाणी पूर्ण तळे फिरून येईल. तो थेट तळावर नको, विटांवर सहा इंच उचलून ठेवा. गाळ कमी खेचला जातो, आणि बाहेरचा पाइप कधी निसटला तरी तळे पूर्ण रिकामे न होता माशांपुरते पाणी उरते. पंपाभोवती जाळीचा क्रेट आणि स्पंज असू द्या. तंतुमय शेवाळ आणि गोगलगायी आत जाऊन इंपेलर, म्हणजे पंपातला फिरता पंखा, अडकवतात. वरच्या हौदात पाइपाचे तोंड पाण्याखाली असल्याने वीज गेली की सायफनने सगळा हौद खाली उतरतो. त्याला पाणी उलटे न येऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावा, किंवा पाइपाला हौदातल्या पाण्याच्या पातळीच्या जरा वर ३ मिलिमीटरचे छिद्र पाडा. क्षार बसल्यावर इंपेलर काढून लिटरभर पाण्यात चमचाभर लिंबूसत्व घालून अर्धा तास बुडवा. हे बादलीत करा, तळ्यात नाही.

विजेच्या बाबतीत काटकसर नको. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच), नीट अर्थिंग, आणि पंपाची वायर मूळचीच दहा मीटरची. पाण्याखाली जोड नको, टेप गुंडाळूनही नको. तळ्यात हात घालण्याआधी प्लग काढा.

नवीन बांधकामाच्या सिमेंटमधून चुना सुटतो, पाण्याचा पीएच चढतो आणि मासे दगावतात. म्हणून भिंतीला आणि हौदाला वॉटरप्रूफ लेप द्या, तो पूर्ण सुकू द्या आणि धबधब्याचे पहिले काही दिवसांचे पाणी तळ्यात न सोडता बादलीत फिरवून टाकून द्या.

डासांबद्दल तुम्ही विचारले नाही, पण विचारायला हवे होते. पाणी हलते म्हणून अळ्या होत नाहीत हे अर्धेच खरे; लिलीच्या पानांआड आणि कोपऱ्यांत पाणी स्थिरच असते. गोल्डफिश अळ्या खातात, तरी दहा-बारा गप्पी सोडा. वरच्या छोट्या हौदात मासे नसतात, तो पंप बंद ठेवायच्या दिवसांत रिकामा करा.

धबधबा सुरू झाल्यावर पाणी कमी होत असेल तर लगेच गळती समजू नका. भर उन्हाळ्यात कोरड्या हवेत दिवसाला ८ मिलिमीटर बाष्पीभवन धरले तरी तुमच्या तळ्यातून ४५ लिटर जातात. पंप बंद करून काठाजवळ एक पाण्याने भरलेली बादली ठेवा, दोन्हींवर खूण करा आणि चोवीस तासांनी पाहा. दोन्हींत सारखीच घट असेल तर तळे ठीक आहे. मग पंप चालू करून पुन्हा तसेच मोजा. आता तळ्यात घट जास्त दिसली तर दोष वरच्या हौदात, पाइपात किंवा काठावर उडणाऱ्या शिंतोड्यांत आहे. बोअरचे पाणी नुसते भरत राहिलात तर क्षार साचत जातात, म्हणून आठवड्याला तीनशे-साडेतीनशे लिटर तळ्याचे पाणी झाडांना घाला आणि तेवढे ताजे भरा.

भिंत बांधायचीच नसेल तर एक स्वस्त पर्याय आहे. जुन्या जात्याची वरची पाळी घ्या, तिला तोंड आधीच असते. सिमेंटच्या ठोकळ्यांवर ती पाण्याच्या जरा वर बसवा आणि तोंडातून पाइप वर आणून ताशी हजार लिटरचा पंप जोडा. पाणी बुडबुडत वर येते आणि दगडावरून पसरून खाली उतरते. शिंतोडे जवळजवळ नाहीत, त्यामुळे लिली दोन फुटांवर असली तरी चालते.