एकट्याने डोंगरात जाऊन, उघड्यावर मुक्काम करून मन खरंच सावरतं का?

तुम्ही लिहिलंय की सहा महिन्यांपूर्वी लग्न मोडलं, हिंजवडीतल्या नोकरीत लक्ष लागत नाही, झोप उडालीये आणि आता तंबू घेऊन एकट्यानेच राजगडावर दोन रात्री काढाव्यात असं मनात आहे. याने बरं वाटतं का, सुरुवात कुठून करू आणि तंबू कोणता घेऊ, असं विचारलंय.

बरं वाटतं. पण राजगडापासून सुरुवात करू नका, आणि एकट्याने तर नकोच. का ते सांगते, जरा लांबण लागेल.

मी कोथरूडची, वय ४७, एका सीएंकडे हिशेब बघते. डोंगराशी माझा संबंध म्हणजे शाळेची सिंहगडची सहल, तीही एसटीने वरपर्यंत. आई पाच वर्षं अंथरुणाला खिळून होती. पक्षाघाताने उजवी बाजू आणि वाचा गेली होती, म्हणून तिच्या उशाशी देवघरातली पितळी घंटा ठेवली होती. काही हवं असलं की डाव्या हाताने वाजवायची. रात्री अडीचच्या सुमाराला हटकून वाजायची, कूस बदलून हवी असायची. आई गेल्यावर ती घंटा मीच चिंचेने घासून देवघरात परत ठेवली. तरी रोज अडीचला जाग यायची आणि भान येईपर्यंत पाय जमिनीला टेकलेले असायचे. वर्षभर हे चाललं. भेटायला येणारे म्हणायचे, "सुटल्या हो त्या. आणि तूही सुटलीस." मार्च एंडला मी एकाच क्लाएंटच्या टीडीएसचा आकडा तीनदा चुकवला, तेव्हा सर म्हणाले, डॉक्टरांना दाखवून या. गोळ्या सुरू झाल्या, पंधरा दिवसांतून एकदा समुपदेशकाकडे जाणं सुरू झालं. डोंगर त्यानंतर आला. हा क्रम तेवढा लक्षात ठेवा.

आमच्या शेजारचे काका, तेव्हा ७१ वर्षांचे, दर रविवारी सिंहगड चढायचे. एकदा जिन्यात भेटले आणि म्हणाले, "चल, तुला मडक्यातलं दही खायला नेतो." बाकी काही विचारलं नाही. पहाटे आम्ही आतकरवाडीतून चढायला लागलो. पायथ्यापासून वरपर्यंत साधारण सहाशे मीटरची चढाई आहे, नेहमीचे लोक तासाच्या आत वर असतात. मला दोन तास दहा मिनिटं लागली. काका न बोलता पुढच्या वळणावर बसून राहायचे, मी पोचले की उठायचे.

साक्षात्कार वगैरे काही झाला नाही. खडकवासल्याचं पाणी खाली चमकत होतं आणि मला फक्त धाप लागली होती. मांड्या अशा भरून आल्या की सोमवारी ऑफिसचा जिना कठडा धरून उलटा उतरले. पण त्या रविवारी रात्री जाग आली ती पावणेचारला.

मग दर रविवारी जाऊ लागले. तीच वाट, तोच चढ. कुठला दगड पायाखाली हलतो, कुठल्या वळणाला वारा लागतो हे पाठ झालं. निम्म्या वाटेवर एक मावशी ताक आणि काकडी घेऊन बसायच्या. पावसाळ्यात मी एक रविवार चुकवला, तर पुढच्या खेपेला ग्लास हातात देताना म्हणाल्या, "मागल्या आयतवारी दिसला न्हाईत?" एवढंच. पण तिथून पुणे दरवाजापर्यंत ते वाक्य माझ्याबरोबर चालत होतं. पाच वर्षं एका माणसाला माझी दर तासाला गरज होती, आणि मग एकाएकी कुणालाच नव्हती. आता निदान ताकाच्या एका ग्लासापुरती माझी गैरहजेरी कुणाच्या तरी लक्षात आली होती. म्हणून म्हणते, दर आठवड्याला नवा किल्ला आणि त्याचा फोटो, या मागे लागू नका. एकच डोंगर धरा. तिथल्या माणसांना तुमचा चेहरा ओळखीचा होऊ द्या.

मी आकड्यांतली बाई, म्हणून "निसर्गात हीलिंग होतं" असं कुणी म्हटलं की मला आधी कागद बघावासा वाटतो. कागद आहेत, पण लोक सांगतात तेवढे भरभक्कम नाहीत. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१५ साली ३८ निरोगी माणसांवर प्रयोग केला. काहींना ९० मिनिटं झाडा-गवतातून चालवलं, काहींना रहदारीच्या रस्त्याने. पहिल्या गटाचं मनातल्या मनात तेच तेच उगाळणं कमी झालेलं दिसलं आणि त्याच्याशी निगडित मेंदूच्या भागातली हालचालही मंदावली. इंग्लंडमधल्या सुमारे २० हजार लोकांच्या माहितीवरून २०१९ साली असं दिसलं की आठवड्याला १२० मिनिटं निसर्गात घालवणारे स्वतःची तब्येत बरी असल्याचं जास्त प्रमाणात सांगतात, मग ती मिनिटं एका दमात असोत की तुकड्या-तुकड्यांनी. आता तब्येत बरी असते तेच लोक बाहेर पडतात, असंही असू शकतं. पण १२० मिनिटं म्हणजे काही फार नाही. मी रोज सकाळी वीस-पंचवीस मिनिटं वेताळ टेकडीवर काढते, कधी खाणीपर्यंत, कधी मोर ओरडला की तिथूनच मागे. आठवड्याचा हिशेब तिथेच मिटतो, राजगड लागत नाही.

झोपेचा कागद मला जास्त पटला. कोलोरॅडोत २०१३ साली आठ जणांना आठवडाभर डोंगरात तंबूत ठेवलं. दिवे नाहीत, फोन नाहीत, रात्री फक्त शेकोटी. त्यांच्या शरीराचं घड्याळ साधारण दोन तास अलीकडे आलं, म्हणजे झोपेची वेळ सूर्याशी जुळली. आठच माणसं आहेत, मान्य. पण तुम्ही रात्री दोनपर्यंत लॅपटॉपसमोर असता असं लिहिलंय, म्हणून सांगितलं.

हे वाचूनच मला तंबूची हौस आली आणि मी माती खाल्ली.

जानेवारी महिना, ताम्हिणीच्या अलीकडचं एक पठार, मी आणि दोन मैत्रिणी. वरवर गवत दिसत होतं, खाली सगळा कातळ. तंबूच्या खुंट्या बोटभर आत जाऊन वाकायच्या. शेवटी दोऱ्या दगडांना बांधल्या. बाराच्या पुढे वारा सुटला आणि कापड शिडासारखं फडफडायला लागलं. आतून थेंब गळायला लागले, ते आमच्याच श्वासाचं पाणी होतं. त्या दोघी हसत होत्या. मी मात्र दोन वाजल्यापासून अडीचची वाट बघत होते. डोंगरावर रात्री मन शांत होतं असं जे लिहितात, ते बहुधा दुसऱ्या दिवशी घरी येऊन लिहीत असावेत. मनात आहे ते अंधारात दुप्पट होतं. आपण तिची कूस शेवटच्या रात्री बदलली होती का, हा एकच प्रश्न मी त्या फडफडीत दोन तास ऐकला. चार वाजता गाडीत जाऊन बसले आणि उजाडेपर्यंत हीटर लावून होते. समुपदेशक बाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "तिथे तुमच्या हाताला काम नव्हतं." बरोबर होतं. चढताना पाय कामाला लागलेले असतात. तंबूत नुसतं पडायचं असतं.

पुढचा मुक्काम थेट जूनमध्ये, पाऊस यायच्या आधी, राजमाचीला. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे पंधरा-सोळा किलोमीटर चालत गेलो. श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले, त्यांच्या कुशीत उधेवाडी. एका घरी जेवण सांगितलं होतं, तांदळाची भाकरी, पिठलं, लसणाची चटणी, आणि झोपायला त्यांचंच अंगण. काजव्यांचे दिवस होते. झाडंच्या झाडं एका तालात उघडझाप करत होती. त्याबद्दल सगळेच लिहितात, मी लिहीत नाही.

रात्री कधीतरी घंटा वाजली. एकदा वाजली, थांबली, पुन्हा वाजली. मी "आले, आले" म्हणत उठले, अंधारात चपला चाचपल्या, हेडटॉर्च लावला आणि बघते तर समोर कुडाची भिंत. पलीकडे गोठ्यात गाय मान घासत होती आणि तिच्या गळ्यातली घंटा हलत होती. ओसरीवर निजलेल्या आजीला जाग आली. "कोन हाय?" मग मला तशी उभी बघून म्हणाली, "गाय हाय ती. तिला काय नको. नीज तू."

मी तिथेच अंगणाच्या कडेला बसले आणि रडले. तेराव्याला, वर्षश्राद्धाला मी पंगतीच्या हिशेबात होते, रडायचं राहूनच गेलं होतं. आजी उठून आली नाही, पाठीवरून हात फिरवला नाही. तिने कूस बदलली आणि थोड्या वेळाने घोरायला लागली. तिचं घोरणं ऐकता ऐकता मलाही झोप लागली. उठले तेव्हा ऊन अंगावर आलं होतं आणि एक कोंबडी माझ्या सॅकमधला चिवडा टोचत होती.

अडीचची जाग गेली का? कमी झाली. महिन्यातून दोन-तीनदा अजून येते. गोळ्या डॉक्टरांनी हळूहळू कमी करत आठ महिन्यांनी थांबवल्या. यात डोंगराचा वाटा किती आणि गोळ्यांचा किती, हे मला वेगळं काढता येत नाही, आणि ताळेबंद जुळल्याशी मतलब. तुम्ही मात्र "औषधं नकोत, डोंगरच औषध" असं एक वाक्य लिहिलंय, ते खोडा. आधी डॉक्टर. आणि जगणं नको असे विचार येत असतील तर कड्याच्या आसपास एकट्याने जायचंच नाही. अशा वेळी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक लावा, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. हे मी उगाच शेवटी जोडायचं म्हणून लिहीत नाहीये. मुक्कामाला निघण्यापूर्वी मला समुपदेशक बाईंनी हाच प्रश्न सरळ विचारला होता.

आता राजगड. गुंजवण्यातून चोरदरवाजाची शेवटची चढण रेलिंग धरून आहे, पाठीवर तंबू-पाण्याची दहा-बारा किलोची सॅक असली की तिथे तोल जातो. शिवाय किल्ले संरक्षित स्मारकं आहेत. पूर्वी लोक पद्मावतीच्या देवळात सर्रास झोपायचे, आता अनेक गडांवर रात्रीच्या मुक्कामाला मनाई आहे, आणि राखीव जंगलात किंवा अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय राहता येत नाही. हरिश्चंद्रगड, भीमाशंकर दोन्ही अभयारण्यात येतात. तंबू लावायचाच तर गावकऱ्याच्या खासगी रानात, त्याला विचारून, त्याच्या घरचं जेवण घेऊन. धरणाकाठी हौशी लोकांसाठी जे तंबू लागतात तिथे शनिवारी रात्री एकापेक्षा एक स्पीकर असतात. मी एकदा "हीलिंग कॅम्प" म्हणून पैसे भरून गेले होते, रात्री एकपर्यंत झिंगाट नाच चालला होता.

तुमच्या जागी मी असते तर दोन-तीन महिने फक्त टेकडी आणि रविवारचा सिंहगड केला असता. स्वारगेटहून पायथ्यापर्यंत पीएमटी जाते, गाडी लागत नाही. मग एखाद्या जुन्या ग्रुपबरोबर दिवसाचा ट्रेक, मग गावातल्या अंगणात एक रात्र. पौर्णिमेचा कात्रज ते सिंहगड सगळे सुचवतील. डझनभर टेकड्या रात्रभर चढायच्या-उतरायच्या असतात, ते पाय तयार झाल्यावर. एप्रिल-मेच्या उन्हात दुपारी चढू नका. कड्यांना आग्या मोहोळं असतात, खाली सिगारेट ओढणं, अत्तर-डिओ फवारून जाणं म्हणजे त्यांना आमंत्रण. पावसाळ्यात जाताना घोट्याएवढा असलेला ओढा परतताना कमरेएवढा असू शकतो, तेव्हा गावात थांबायची तयारी ठेवा. आणि कुठे जाताय, कधी परतणार हे एका तरी माणसाला सांगून जा. तुमच्याकडे असा माणूस सध्या नसेल, तर ताकवाल्या मावशींना सांगा. त्या लक्षात ठेवतात.

तंबू या वर्षी विकत घेऊ नका. पुण्यात भाड्याने मिळतो. आणाल तेव्हा आधी गच्चीवर लावून बघा, रात्री, दिवा न लावता. बूट मात्र याच आठवड्यात घ्या. संध्याकाळी जा, पाय जरा सुजलेले असतात तेव्हा, आणि जाड मोजे घालून माप द्या. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, नाहीतर उतरताना अंगठा आपटून नख काळं पडतं. माझी दोन्ही गेलीयेत.