रॅम्पवर कोसा, डोक्यावर निळे दिवे

प्रश्न : मी फॅशन डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजच्या हॉलमध्ये आमचा शो आहे, माझे सगळे पोशाख करवतकाठी कोशाचे, म्हणजे करवतीच्या दात्यांसारखा काठ असलेल्या टसर रेशमाचे. लाइटवाले दादा निळे-जांभळे एलईडी, धूर आणि मागे एलईडी वॉल घ्या म्हणतात. सरांनाही झगमगाट हवा. प्रेक्षक रॅम्पच्या दोन्ही बाजूंना बसतील. काय करू?
— विद्यार्थिनी, धरमपेठ, नागपूर

उत्तर : आधी कोशाचा एक तुकडा घेऊन त्या दादांच्या गोडाउनमध्ये जा आणि निळ्या 'पार'खाली, म्हणजे स्टेजच्या डबा-दिव्याखाली, धर. कोशाचा अंगचा रंग मधाळ, पिवळट. निळा उजेड तो गिळून टाकतो आणि कापड मळकं, राखाडी दिसतं. मी नाटकांचे लाइट करतो, तिथे रात्र दाखवायला निळा लागतो. तुला रात्र दाखवायची नाही, काठ दाखवायचाय.

म्हणून ३२०० केल्विनचा पिवळसर पांढरा उजेड माग. लाल-हिरवा-निळा मिसळून केलेला 'पांढरा' नको, त्यात तपकिरी छटा खोट्या दिसतात. वॉर्म व्हाइट एलईडी नसतील तर जुने हॅलोजन पार चालतील, फक्त लोड बघ. हजार वॉटचा एक पार चार अँपिअरच्या वर ओढतो, म्हणजे १५ अँपिअरच्या सॉकेटवर तीनच. बारा लावायचे तर थ्री-फेज लाइन लागेल, कॉलेजच्या इलेक्ट्रिशियनशी आत्ताच बोल.

आता दिशा. समोरून मारलेला उजेड कापड सपाट करतो. करवतीचे दाते आणि सुताचा खडबडीतपणा उठून दिसतो तो बाजूच्या उजेडात. पण दिवे खाली स्टँडवर ठेवलेस तर पलीकडच्या रांगेतली मंडळी डोळ्यांवर हात धरून बसतील. ट्रस, म्हणजे दिवे टांगायची आडवी चौकट, १४ फुटांवर घे आणि दोन्ही बाजूंनी तिरपे, खाली मार. रॅम्पच्या टोकाला समोरून एक मंद दिवा पुरे, चेहऱ्यासाठी आणि फोटोवाल्यांसाठी.

एलईडी वॉल सरळ नाही म्हण. मागे तेवढा उजेड असला की मोबाइलचा कॅमेरा त्याच्याशी जुळवून घेतो आणि मुली काळ्या पडतात. त्याऐवजी गांधीबागेतून मांजरपाट आण, राखाडी रंगव आणि चुण्या पाडून वरून खालपर्यंत सोड. हॅलोजन त्यापासून चांगला तीन-चार फूट लांब, हे मात्र गमतीत घेऊ नकोस. रॅम्पवर चकचकीत फ्लेक्स नको, वरचे सगळे दिवे त्यात दिसतात. साधं राखाडी कार्पेट अंथर, हिल्सही घसरत नाहीत.

धूर? कापडाची कड पुसट होते, सोड.

सरांची हौस राहिलीच तर शेवटी सगळ्या मुली एकत्र येतात तेव्हा दोन मिनिटं निळं-जांभळं होऊन जाऊ दे. तोवर परीक्षकांचे गुण लिहून झालेले असतात.