टवका न उडवता टाइलला भोक : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बाथरूमच्या व्हिट्रिफाइड टाइलवर टॉवेल रॉड लावायचा आहे. सिमेंटच्या भिंतीसाठीचा ६ मि.मी. बिट दहा मिनिटं फिरवला. टाइलवर नुसता राखाडी ठिपका उमटला आणि बिटचं टोक निळं पडलं. ड्रिल मशीनचा हॅमर, म्हणजे ठोके मारायची सोय, चालू करू का? (सांगली)

उत्तर : अजिबात नको. जुन्या घरांतल्या सिरॅमिक टाइलला हा बिट चालून जातो, कारण ती झिलईखाली मऊ असते आणि वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी पिते. व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्काही पीत नाही, इतकी ती घट्ट भाजलेली असते. तुमच्या बिटचं टोक ठोके मारून फोडण्यासाठी बनवलेलं आहे. ठोका बंद असला की ते नुसतं घासतं आणि तापतं. ठोका चालू केला की टाइल तडकते.

टाइल आणि भिंत ही दोन वेगळी कामं समजा. टाइलपुरता नळीसारखा पोकळ डायमंड बिट वापरा, हॅमर बंद ठेवून. टाइलच्या रंगाच्या गाळाऐवजी सिमेंटचा करडा गाळ येऊ लागला की टाइल आरपार झाली. मग सिमेंटचा बिट लावून हॅमर चालवा. टाइलमध्ये ८ मि.मी. आणि भिंतीत ६ मि.मी. असं भोक ठेवलं, तर हॅमर मारताना बिट टाइलच्या काठाला लागत नाही. वरचा फरक रॉडच्या चकतीखाली झाकला जातो.

प्रश्न : डायमंड बिट टेकवला की सरकतो. टाइलवर अर्धगोल ओरखडा पडला. मास्किंग टेप लावूनही तेच. (ठाणे)

उत्तर : टेप खूण करायला बरी, बिट धरून ठेवायला नाही. पोकळ बिटला मधलं टोकच नसतं, त्यामुळे सपाट टेकवला की तो नाचणारच. मशीन साधारण ४५ अंशांत तिरपी धरा म्हणजे बिटच्या काठाचा एकच भाग टाइलला लागेल. अगदी सावकाश फिरवत नखाएवढी चंद्रकोर उमटू द्या. ती उमटली की मशीन फिरती ठेवूनच हळूहळू सरळ करा. चंद्रकोरीचं वर्तुळ झालं की बिट बसला, आता तो हलत नाही.

हात बसलेला नसेल तर प्लायच्या तुकड्याला त्याच मापाचं भोक पाडा, तुकडा टाइलवर घट्ट दाबून धरा आणि त्या भोकातून बिट घाला. मोठ्या मापांना हाच उपाय बरा. ओरखडा पडलेल्या टाइलचं मात्र काही करता येत नाही. चकती तिथेच येईल असं बघा.

प्रश्न : डायमंड बिटच्या सेटमधला ६ मि.मी.चा बिट चार भोकांत संपला. माल खराब होता का? (नाशिक)

उत्तर : असेलही, पण आधी बिटचं तोंड बघा. काळपट झालं असेल तर तो जळला आहे. स्वस्त सेटमध्ये हिऱ्याच्या कणांचा एकच थर निकेलच्या मुलाम्यात बसवलेला असतो. तो थर गेला की खाली गुळगुळीत नळी उरते, तिला धार लावता येत नाही. हिरा कठीण खरा, पण साधारण ७०० अंशांपुढे हवेत तोही टिकत नाही. कोरड्या घर्षणात त्या कणांच्या टोकाशी उष्णता झटकन चढते.

म्हणून पाणी हवं, आणि ते बिटच्या तोंडाशी पोचायला हवं. जमिनीच्या टाइलवर कणकेचं कडं करून त्यात चमचाभर पाणी साठवता येतं. भिंतीवर खुणेखाली कणकेची वाटी चिकटवा, किंवा दुसऱ्या माणसाला झाकणाला भोक पाडलेल्या बाटलीतून बारीक धार सोडायला सांगा. दर दहा सेकंदांनी बिट किंचित मागे घ्या म्हणजे पाणी आत जातं आणि गाळ बाहेर पडतो. जोर लावू नका. हिरा कापत नाही, झिजवतो. ६ मि.मी.ला मिनिटाला हजार ते दीड हजार फेरे चालतात, ३५ मि.मी.ला चारशे-पाचशेच ठेवा. शेवटचे एक-दोन मि.मी. राहिले की दाब आणखी कमी करा, नाहीतर मागून टवका उडतो.

पाण्याजवळ बॅटरीची मशीन बरी. वायरची असेल तर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की लाइन तोडणारा स्विच) असलेल्या लाइनवरच लावा आणि पाणी मशीनच्या खालीच राहील असं बघा. बिटात अडकलेली टाइलची गोल चकती बाजूच्या खाचेतून तारेने ढकला. ती तशीच ठेवून पुढचं भोक घेतलं तर बिट आत जात नाही.

प्रश्न : अँगल कॉकसाठी ३५ मि.मी.चं भोक हवं आहे. अँगल ग्राइंडरवर (कापायच्या-घासायच्या हातमशीनवर) लावायचा बिट आणला, पण आटे जुळत नाहीत. (रत्नागिरी)

उत्तर : चार इंची ग्राइंडरचा आटा बहुधा एम १०, म्हणजे १० मि.मी. व्यासाचा, असतो, आणि हे बिट जास्त करून एम १४ मध्ये मिळतात. जोडणारा अडॅप्टर हार्डवेअरच्या दुकानात मागा. ग्राइंडरवर फक्त कोरडे चालणारे, व्हॅक्यूम ब्रेझिंगचे (हिऱ्याचे कण निर्वात भट्टीत धातूने डाखलेले) बिट लावा, मुलाम्याचे नाहीत, कारण ग्राइंडर मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फिरतो. इथेही तिरपी सुरुवात करा. मग बिट छोट्या वर्तुळात डोलवत पाच-सात सेकंद चालवा आणि बाहेर काढून थंड होऊ द्या. डोलवल्याने काठाचा थोडाच भाग एका वेळी घासतो आणि धूळ बाहेर पडते. त्या धुळीत सिलिका असते, तेव्हा रुमाल नको, एन९५ मास्क आणि चष्मा घाला. वायरच्या ग्राइंडरवर पाणी ओतू नका.

प्रश्न : भोक स्वच्छ पडलं, पण स्क्रू आवळताना टाइलला तडा गेला. (पणजी)

उत्तर : रॉल प्लग, म्हणजे स्क्रू धरण्यासाठी भोकात घालायची प्लास्टिकची नळी, टाइलमध्येच फुगला. प्लगचं तोंड टाइलच्या मागे, भिंतीत जाईपर्यंत स्क्रूने आत ढकलायला हवं होतं, म्हणजे तो सिमेंटमध्ये फुगतो. त्यासाठी स्क्रूही टाइलच्या जाडीइतका, म्हणजे ८-१० मि.मी., जास्त लांब घ्यावा लागतो. दुसरी शक्यता पोकळ टाइलची. भोक घेण्याआधी नाण्याने टकटक करा. डबडब आवाज आला तर मागे सिमेंटचा माल नाही, तिथे भोक घेऊ नका. काठापासून २५ मि.मी. आत राहा. सांध्यात भोक घ्या असं सांगणारे पुष्कळ असतात, पण दोन मि.मी.च्या सांध्यात सहाचा बिट दोन्ही टाइलच्या कडा खातो. नळाच्या सरळ रेषेत वर-खाली तर मुळीच नको, तिथून पाइप गेलेला असतो.