इनहेलर ऑफिसच्या कपाटात की मुलीजवळ?

प्रश्न : मुलगी आठवीत आहे, तिला दमा आहे. धावली की धाप लागते. डॉक्टर म्हणतात निळा इनहेलर सोबत असू द्या. शाळा म्हणते औषधं ऑफिसात जमा करा. काय करावं?
– एक आई, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : ताई, इनहेलर मुलीजवळच हवा. निळ्यातलं सालब्युटामॉल काही मिनिटांतच श्वासनळ्या मोकळ्या करतं. तीच मिनिटं कपाटाची किल्ली शोधण्यात जायला नकोत. तो दप्तरातही नको, कारण पीटीच्या तासाला दप्तर वर्गात राहतं आणि धाप मैदानावर लागते. कमरेला बांधायचा छोटा पाऊच घ्या. रोजचा स्टेरॉइडचा इनहेलर घरीच राहू द्या.

पण आधी तिची परीक्षा घ्या. तुम्ही काही न सांगता तिला हे सगळं जमलं पाहिजे: टोपण काढून आत कचरा नाही ना ते पाहणं, इनहेलर नीट हलवणं, स्पेसरला (औषध आधी ज्यात साठतं आणि मग श्वासातून आत जातं, ती पोकळ नळी) जोडणं, श्वास पूर्ण सोडणं, ओठ घट्ट मिटून एकदाच दाबणं, सावकाश खोल श्वास घेऊन मनात दहा मोजेपर्यंत रोखणं. दुसरा पफ अर्ध्या मिनिटानं, पुन्हा हलवून. घाईत मुलं लागोपाठ दोनदा दाबतात. मग बरंच औषध स्पेसरच्या भिंतींनाच चिकटतं. स्पेसर आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच वाळवा. फडक्यानं पुसला की स्थिर वीज तयार होते आणि औषध पुन्हा भिंतींवरच बसतं.

मुख्याध्यापकांना नुसती विनंती करू नका, डॉक्टरांचा कागद द्या. त्यात औषधाचं नाव, मात्रा (बहुधा एका पफला 100 मायक्रोग्रॅम), किती पफ आणि कधी, हे स्पष्ट लिहून घ्या. झटक्यासाठी साधारण पद्धत अशी: मुलीला ताठ बसवायचं, आडवं करायचं नाही. स्पेसरमधून एकेक करून 4 पफ, प्रत्येकानंतर चार श्वास. 4 मिनिटं थांबून आराम नसेल तर पुन्हा 4. तरीही नाही, किंवा बोलताना वाक्य तुटतंय, तर लगेच 108, आणि गाडी येईपर्यंत पफ चालू. याची एक प्रत वर्गशिक्षकांकडे, एक पीटीच्या सरांकडे. ऑफिसात दुसरा इनहेलर जरूर जमा करा. शाळेचं म्हणणंही राहतं आणि पहिला हरवला तर सोय होते.

नागपूरच्या उन्हाची काळजी मात्र खास घ्या. डबी 30 अंशांखाली ठेवायची असते आणि ती दाबाखाली भरलेली असते. मार्च-एप्रिलमध्ये उभ्या व्हॅनमध्ये किंवा स्कूटीच्या डिक्कीत ती विसरू नका.

डबीत साधारण 200 पफ असतात. आकडा दाखवणारी खिडकी नसेल तर मुलीनं वहीच्या मागच्या पानावर खुणा कराव्यात. डबी पाण्यात टाकून तरंगते का बघणं चुकीचं. त्यानं अंदाज येत नाही आणि तोंड बुजू शकतं. खेळण्याआधीचे पफ सोडून आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा खूण पडू लागली, तर दमा आटोक्यात नाही; ते पान घेऊन डॉक्टरांकडे जा.